दोन दुष्काळांच्या मध्ये



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हाला शाळेत गणित शिकवत. रविवारी उपासनेला ते शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष देण्याची पद्धत होती, अजूनही आहे. साक्षीचा एक ठरलेला घाट असतो. संकट आलं, माणूस गुडघ्यांवर आला, प्रभूला आळवलं, प्रभूनं हात दिला, संकट टळलं. कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते, कुणाची गाठ साधी निघालेली असते, कुणाचं सोसायटीचं कर्ज फिटलेलं असतं. मंडळी 'आमेन' म्हणते आणि पुढचं गीत सुरू होतं.

या साक्षी खोट्या नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण एका रविवारी पाळकसाहेबांनी गुरुजींना उभं केलं. त्यांच्या पत्नीला तेव्हा अर्धांगानं अंथरुणाला खिळून चार वर्षं झाली होती. गुरुजी उठले, समोरच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "माझं संकट अजून घरीच आहे. तरी मी आलोय." एवढं बोलून ते खाली बसले. 'आमेन' म्हणायचं की नाही, हे कुणाला कळेना. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. त्या शांततेत पेटीवाल्यानं उगाच एक सूर दाबला, तो अजून कानात आहे.

आजचा विषय पत्रिकेत 'ख्रिस्ती श्रद्धा आणि जीवनातील संकटे' असा छापला आहे. मला मात्र गुरुजींच्या त्या दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे. संकट घरीच असताना माणूस येतो, म्हणजे नक्की काय करतो? श्रद्धेनं संकट जात नसेल, तर तिचं काम काय? यावर तर्कानं बोलण्याचा माझा वकूब नाही. म्हणून एक आयुष्य तुमच्यापुढे मांडतो. ते तुमच्या परिचयाचं आहे. पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंच्या आयुष्यात दोन दुष्काळ आहेत. एक 1876-77 चा, मद्रास इलाख्यातला. दुसरा 1896-97 चा, मध्य प्रांतातला. पहिल्यात त्या भुकेल्या होत्या. दुसऱ्यात भुकेल्यांना घेऊन यायला गेल्या. मधे वीस वर्षं. या वीस वर्षांत काय झालं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न. पण बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता, आणि रानात आश्रम मांडण्यामागे तेही एक कारण होतं. आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमेला श्लोक शिकवले. पुढे सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरू लागलं. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीच्या ओठांवर होते.

पहिल्या दुष्काळाची हकीगत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना आजही घास अडकतो. जवळची पुंजी व्रतांत, दानधर्मात, ब्राह्मणभोजनात गेली. दागिने विकले, भांडी विकली. मोलमजुरी करायची तर ती या कुळाला ठाऊकच नव्हती. पुराणिकाच्या घरानं पाट्या कशा उचलाव्यात? भीक मागायचीही लाज. शेवटी झाडपाला आणि रानफळं खाऊन दिवस काढले. तिरुपतीजवळच्या रानात, आता इथंच देह ठेवावा अशी वेळ आली. म्हातारे, डोळ्यांनी अधू झालेले अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले. त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि, मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच होऊन राहा, असं बजावलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढं झाला आणि मी मजुरी करीन म्हणाला. जलसमाधी टळली. भूक टळली नाही. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग बहीण.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग रमाबाई अगदी साध्या शब्दांत सांगतात. स्मशान दोन-तीन मैल लांब होतं. खांदा द्यायला माणूस मिळेना. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे आणि बहीणभाऊ असे चौघं झाले. पण रमा ठेंगणी. तिरडी खांद्यावर घेतली तर तिची बाजू खाली जायची. म्हणून तिनं आपलं टोक डोक्यावर घेतलं.

श्रोतेहो, ही तिरडी लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

त्यानंतर बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. झेलमकाठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तर वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत आणि रात्र काढत. 1878 मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता', 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पदव्या मिळाल्या, पण भाऊ फार दिवस पुरला नाही. 1880 मध्ये तो ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. 1881 मध्ये मनोरमा झाली. 1882 मध्ये बिपिनबाबू पटकीनं गेले. वयाची चोविशी गाठण्याआधी या बाईनं आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा या सगळ्यांना निरोप दिला होता. कडेवर नऊ-दहा महिन्यांची पोर होती.

आपल्या साक्षीच्या घाटात आता प्रभूनं यायला हवं आणि दुःख संपायला हवं. रमाबाईंच्या आयुष्यात पहिली गोष्ट घडली, दुसरी घडली नाही.

रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि वैद्यकी शिकायच्या इच्छेनं 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. बहिरेपणामुळे वैद्यकी हुकली. बरोबर गेलेल्या मराठी मैत्रिणीचा तिथंच दुर्दैवी अंत झाला. आणि 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? ग्रंथ होतेच. नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, यांच्या लेखनानं त्यांच्या बुद्धीच्या शंका फेडल्या. पण रमाबाई दुसरंही एक कारण सांगतात. मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथला आश्रम दाखवला. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं सांभाळलं जात होतं. अशा बाईला घरात घेऊन तिची मलमपट्टी करणारी माणसं रमाबाईंनी पूर्वी पाहिली नव्हती. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्यापाशी पाणी मागणारा येशू. ज्या देशात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावरून माणूस कळतो, त्या देशातल्या ब्राह्मण विधवेनं ही गोष्ट ऐकली. तिला ती कशी लागली असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणजे या श्रद्धेची सुरुवातच एका दाराशी झाली. आत कोणाला घ्यायचं, या प्रश्नाशी झाली.

तरी त्या दिवशी सगळं स्थिरस्थावर झालं असंही नाही. रमाबाईंनी पुढे स्पष्ट लिहिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आणखी आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास भेटला. मधल्या काळात त्या वरिष्ठांशी भांडल्या. त्रैक्याचा सिद्धांत पटेपर्यंत पटला असं म्हणायला त्यांनी नकार दिला. आपल्या देशातल्या बायकांना न कळणारी लॅटिन अक्षरं असलेला क्रूस त्यांना नको होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी खरमरीत पत्रं लिहिली. विलायतेतही त्या शाकाहारी राहिल्या. नम्रतेचा उपदेश करणाऱ्यांना त्या हट्टी वाटल्या. मला वाटतं, तिरडीचं टोक डोक्यावर घेतलेल्या माणसाची मान सहजासहजी वाकत नाही.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. ती आपण ख्रिस्ती सभांतून सहसा बोलत नाही. श्रद्धा संकटात आधार देते हे आपण सांगतो. श्रद्धा संकट आणतेही, हे सांगायचं राहून जातं.

रमाबाई इंग्लंडहून पुढे अमेरिकेला गेल्या आणि तिथून परतल्या. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि निवारा, धर्माची सक्ती नाही, असा करार होता. धोंडो केशव कर्व्यांशी पुढे ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुणं खवळलं. 'केसरी'नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

इथं बाजू घेणं सोपं आहे. मी घेणार नाही. आपली विधवा मुलगी ज्यानं विश्वासानं सदनात ठेवली, त्या बापाची भीती मला कळते. आपल्या देवापुढे बसताना दार लावून घे, असं ज्या बाईला सांगितलं तिचं म्हणणंही मला कळतं. दहा वर्षं आधी ज्या शहरानं तिला डोक्यावर घेतलं होतं, त्यानंच तिच्याकडे पाठ फिरवली. याआधी, 1885 मध्ये, 'सत्सार'मधून तिची बाजू घेणारे जोतीराव फुले होते. 1890 मध्ये तेही गेले. म्हणजे विश्वास धरल्यानं रमाबाईंची माणसं वाढली नाहीत. होती तीही कमी झाली.

यात रमाबाई एकट्या नव्हत्या. लक्ष्मीबाई टिळकांना तर याच श्रद्धेनं आधी जखमच केली. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नाशिककडच्या या बाईचं घर उभं चिरलं. नवरा जिवंत आणि बाई निराधार. पंढरपुरात नातलगांच्या आसऱ्याला राहून पुढं काय, याची वाट बघायची. नवऱ्याच्या देवाबद्दल त्यांच्या मनात तेव्हा काय आलं असेल? पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, पण वादात हरून नाही. जात देवानं केलेली नसून माणसानं केलेली आहे, हे त्यांना आतून उमगलं आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या. पाणी पुन्हा आलंच! त्यांच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. ती वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता ध्यानात येतं की ही बाई आपल्या उपासमारीबद्दल बोलते आहे. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईनं नवऱ्याचं अपुरं 'ख्रिस्तायन' काव्य त्याच्यामागं पुरं केलं. ज्या श्रद्धेनं घर मोडलं, तिच्यातूनच त्यांनी दुसरं बांधलं, आणि त्यात अनाथ पोरांना जागा ठेवली.

आता दुसऱ्या दुष्काळाकडे येतो.

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई तेव्हा अडतिशीच्या. सदनाला अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या कराराची होती, ती संपत आली होती. पुढची सोय म्हणून त्यांनी पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला माळरान घेऊन ठेवलं होतं; बाग लावावी, उत्पन्न यावं, एवढाच बेत. हाती पैसा नव्हता. न जाण्याची सगळी कारणं होती. जाण्याचं कारण एकच होतं, आणि ते त्यांनी सांगून ठेवलं आहे: मला माझा दुष्काळ आठवला.

मध्य प्रांतात फिरताना त्यांनी छावण्या पाहिल्या, दुष्काळी कामं पाहिली, हाडांचे सापळे पाहिले. पण इतर पाहुण्यांना जे दिसलं नसतं, तेही त्यांना दिसलं. एकटी तरुण मुलगी दुष्काळात केवळ भुकेनं मरत नाही; पसाभर धान्यासाठी तिला विकत घेणारे, फसवून नेणारे टपलेले असतात. रमाबाईंना हे पुस्तकातून कळायचं नव्हतं. त्या वयात, त्या वाटांवर, त्या भुकेनं त्या स्वतः चालल्या होत्या. तीनेकशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग आला, शहरात त्यांना ठेवणं अशक्य झालं, तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्या माळाचं नाव झालं 'मुक्ती'. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

तिथं पहिल्यांदा काय केलं? विहिरी खणल्या. मग शेती, गाईगुरं, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपासदन' उभं राहिलं; फुलहॅमला पाहिलेलं ते दार आता केडगावला होतं. आणि प्रत्येक जण काम करत असे. पहिल्या दुष्काळात मोलमजुरी कमीपणाची वाटली म्हणून एक कुटुंब संपलं होतं. त्या कुटुंबातल्या उरलेल्या मुलीनं वसवलेल्या वस्तीत काम हीच प्रतिष्ठा होती. आईच्या तिरडीला दोन माणसं मिळता मिळत नव्हती. इथं कुणाचीही मुलगी बेवारस जाणार नव्हती.

वीस वर्षांत काय झालं, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. दुःख अनेकांच्या वाट्याला येतं. बहुतेकांच्या आत ते घट्ट होऊन बसतं. दुसऱ्याचं दुःख समोर आलं की ते म्हणतं, माझ्या वेळी कोण आलं होतं? हा प्रश्न अगदी रास्त आहे. रमाबाईंच्या वेळीही कुणी आलं नव्हतं. ख्रिस्ती श्रद्धेनं त्यांच्या दुःखाला नेमका हा प्रश्न विसरायला लावला आणि दुसरा प्रश्न दिला: तू त्या वाटेनं गेली आहेस, तर वाट कुणाला माहीत? ज्या देवाला आपण क्रूसावर पाहतो, तोही खिळ्यांच्या खुणा घेऊनच उठला. थोमाला त्यानं त्या खुणाच दाखवल्या. जखम पुसली गेली नाही; ती ओळखीची खूण झाली.

यात वडिलांचा वारसाही आहे, तो नाकारू नये. देवाच्या हाती सोपवलेल्या मुलीला देव निराळ्या नावानं भेटला, पण सोपवलं होतं अनंतशास्त्र्यांनीच. बायकोला शिकवण्यासाठी समाजाशी वैर घेणारा बाप नसता, तर केडगावही नसतं.

आणि शेवटी तरी सुख आलं का? रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. कलकत्त्याला तरुणपणी त्यांच्या हाती कुणी संस्कृत बायबल ठेवलं होतं. त्याची भाषा इतकी परकी वाटली की वाचणं म्हणजे वेळ दवडणं, असं त्यांना झालं. म्हणून आता केडगावच्या मुलींना, खेड्यातल्या बायकांना कळेल असं मराठी शास्त्र हवं होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी ते काम चाललं. अठरा हजार श्लोक पाठ असलेली पंडिता पांडित्य बाजूला ठेवून सोपे शब्द शोधत बसली होती. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. आणि 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. चाळिशीची, आईचा उजवा हात, संस्थेचा उद्याचा भरवसा. पहिली तिरडी आईची, शेवटची लेकीची.

साक्षीचा घाट इथं पार मोडतो. इतकी वर्षं प्रार्थना करणाऱ्या बाईला म्हातारपणी हे मिळालं. रमाबाई पुन्हा मुद्रितांपाशी बसल्या. साडेआठ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी करूनच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. पूर्ण बायबल त्यांच्यामागं, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता गुरुजींकडे येतो आणि थांबतो. त्यांच्या पत्नी पुढे दोन वर्षांनी वारल्या. आजारपणात त्यांची खाट पुढच्या खोलीत होती, कारण रस्ता दिसला की त्यांना बरं वाटायचं. मातीनंतर आठवड्याभरानं गुरुजींनी ती खाट मागं हलवली आणि खोलीत चटई टाकली. गावाजवळ ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यातली पोरं संध्याकाळी तिथं पाढे म्हणायला येऊ लागली. गुरुजींनी त्याबद्दल कधी साक्ष दिली नाही. पण उपासनेहून घरी जाताना त्या खोलीतला दिवा रस्त्यावरून दिसायचा, आणि दार उघडं असायचं. मीही त्या चटईवर बसलो आहे.